डाव्या हाताची वीण

मंगळवार, १४ मार्च

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं आधी लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. आईचा गुडघा होता तिथेच आहे, तिची बडबडही. तुझ्या नवऱ्याची कामाची पाळी बदलली का? दीड वर्ष झालं, तुझी एक ओळ नाही. माझीही नाही म्हणा.

आपल्या टोपल्यांच्या कारखान्याचं तुला कुठूनतरी कळलंच असेल. लहान उद्योगांचा माल परदेशी जावा म्हणून ज्या सरकारी प्रकल्पाने मदत दिली, त्यांनी आधी दारापेक्षा मोठी पाटी लावली. मग प्रशिक्षण. थंडगार हॉलमध्ये एक पोरगेला साहेब तीन दिवस आम्हाला गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं कसं ते शिकवत होता. फोटोवाल्याने आम्हा बाराजणींना डोक्यावर टोपल्या देऊन उभं केलं. आपण कधी टोपली डोक्यावर घेतलीय गं? वीस वर्षं मांडीवर घेऊन बसलोय. वेत महाग झालाय, त्यासाठी काही मिळेल का विचारलं, तर म्हणे ते प्रकल्पात बसत नाही.

पण ऑर्डर आली, खोटं कशाला बोलू. झाकणाच्या सहाशे टोपल्या, अगदी आम्ही दिलेल्या नमुन्यासारख्या. चार महिने बोटं सोलून घेतली. गेल्या आठवड्यात तपासनीस आला. त्याने टेबलावर नमुना ठेवला, शेजारी आमची टोपली ठेवली आणि मान हलवली. नमुन्यातला लाल पट्टा डावीकडे चढतो, आमचा उजवीकडे. सहाशेच्या सहाशे नापास.

मी भांडले. पट्टा कुठेही चढला तरी टोपली ती टोपलीच ना? तो म्हणाला, नमुन्याचे फोटो छापून झालेत, माल तसाच हवा. तेवढ्यात काकूने नमुना उचलून फिरवून पाहिला. सगळ्यांत जुनी विणणारी ती, तिच्या हातून काय सुटणार!

"अगं, ही तर धाकटीची," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "डाव्या हाताची वीण आहे. तुला दिसलं नाही?"

नाही दिसलं. लहानपणापासून तुझ्या त्या हाताला नावं ठेवली आणि खरंच बघायची वेळ आली तेव्हा बघितलं नाही. तू गेल्यावर फळीवर राहिलेली तुझी टोपली होती ती. नमुना मागितला तेव्हा माझ्या टोपल्यांशेजारी ठेवून पाहिली आणि गुपचूप तुझी दिली. कोणी विणली विचारलं, तर म्हटलं, मी.

आता मदतीच्या त्या फॉर्मचंही लिहूनच टाकते. मालकाच्या रकान्यात दोघींची नावं घाल, म्हणालीस. मी म्हटलं, जागा एकाच नावाची आहे, कागदच तर आहे, एवढी नाचतेस कशाला? जागा होती. बारीक अक्षरात दोन नावं सहज बसली असती. मला माझं एकटीचं हवं होतं. तूही काही कमी नाहीस, वेत तासायचा तुझा चाकू पदरात गुंडाळलास आणि आईलाही न सांगता चालती झालीस.

दोन महिन्यांत माल पुन्हा करून दिला नाही तर ऑर्डर रद्द, आणि काकूसकट अकराजणी घरी बसतील. आम्ही उलटं विणून पाहिलं. वीण ढिली पडते, झाकण बसत नाही. तू येऊन हात बसवून दिलास तरच जमेल.

प्रकल्पाच्या बाईंना म्हटलं, बहिणीचं नाव मालकीण म्हणून घालू या. त्या म्हणाल्या, "आता काही बदलता येणार नाही हो. त्यांना मदतनीस दाखवा ना." मी पाटीकडे बघत राहिले आणि बरं म्हणाले. हो, पुन्हा तुझं नाव गाळलं.

तेव्हा बोलावते आहे ते हे असं. तुझ्याच कारखान्यात, तुझीच वीण शिकवायला, मदतनीस म्हणून. शिव्या दे, पत्र फाडून टाक, तुला हक्क आहे. पण आलीस तर खिडकीजवळची तुझी जागा रिकामी आहे. तिथे उजेड उजवीकडून येतो. आमच्यापैकी कोणालाच तिथे बसून विणता येत नाही, स्वतःच्याच हाताची सावली कामावर पडते.

तुझ्या टोपलीवर स्वतःचं नाव लिहिणारी,
ताई