बिननवसाचा डोंगर

१० मार्च १९५७, रविवार

ठरलं. मे महिन्याच्या सुट्टीत मी पोरांना घेऊन डोंगरावर जाणार. कोणत्या ते अजून ठरायचं आहे, पण जाणार! शाईनं लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझंच मन फिरलं तर हे पान मलाच दाखवता येईल.

कारण आमचा सेवक. चौथीत आहे. मास्तरांनी निबंध दिला – ‘मी पाहिलेला डोंगर.’ ह्यानं लिहिलं, ‘मी डोंगर पाहिला नाही. राईसमिलमागचा कोंड्याचा ढीग पाहिला आहे. त्यावर चढलो तेव्हा अंगाला खाज सुटली.’ मास्तरांनी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. पोरं हसली. सेवक घरी येऊन हसतच सांगत होता. मला मात्र हसू आलं नाही. मी स्वतः मास्तरीण, दुसऱ्यांच्या पोरींकडून सातपुडा पाठ करून घेते, आणि माझ्या पोरानं कोंड्याचा ढीग लिहावा?

१३ मार्च

शाळेतला नकाशा घरी आणला. दोन दिवसांसाठी, बाईंना विचारून. चिखलदरा, पचमढी, अमरकंटक – तिन्हींवर सेवकानं चिंचोके ठेवले. थोरली कौतिका अकरा वर्षांची, पण अट घालते आजीसारखी. म्हणे, “मे महिन्यात रात्री गोधडी घ्यावी लागली पाहिजे. नाहीतर मी येत नाही.”

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भिंतीला टेकून पाहत होत्या.

१७ मार्च

जेठ आले. शालीकराम, ह्यांचे थोरले भाऊ. हे गेल्यापासून तिरोड्याकडची शेती तेच पाहतात. दोन महिन्यांनी तांदळाचं पोतं आणून टाकतात. माझ्याशी बोलत नाहीत. जेठानं धाकट्या भावाच्या बायकोशी तोंडानं बोलायचं नाही, ही आमच्यातली रीत. ते ओसरीत, मी डोक्यावर पदर घेऊन दाराआड, आणि मधे सेवक.

“तुया मायले सांग, सुट्टीत पोट्टे घेऊन गावाले ये. डोंगरगिंगर काही नाही.”

सेवक इमानानं माझ्याकडे वळतो – “आई, डोंगरगिंगर काही नाही म्हणतात.” मी बहिरी असल्यासारखी!

मी म्हटलं, “मोठ्या बाबांना सांग, आई ऐकून राहिली आहे, पण मानत नाही.”

मग ते भिंतीकडे पाहून बोलले. “बिननवऱ्याची बाई मौजेले निघाली तं लोक काय म्हनतीन? उद्या कौतिकाले सून कोन करन? जायाचंच असन तं अमरकंटकले जा, नर्मदेत बुडी मार. कोनी काही म्हननार नाही.”

एवढं लांबलचक सेवकाला सांगता येईना.

२४ मार्च

अमरकंटक बाद. मला कसलं पाप धुवायचं आहे? चार वर्षं आजारी नवऱ्याचं केलं, तो गेल्यावर ट्रेनिंग केलं, आता चाळीस पोरी शिकवते. ह्यात पाप कुठलं?

चिखलदराही बाद. हेडबाईंच्या ओळखीचा बंगला आहे तिथं. पण म्हणाल्या, “मागची खोली मिळेल, फक्त पोरांनी पुढच्या बागेत जायचं नाही.” मग जायचं कशाला? मागची खोली इथंही आहे.

राहिली पचमढी. ट्रेनिंगमधली रुख्मा तिथल्या शाळेत आहे. तिचं कार्ड आलं, ‘व्हरांड्याची खोली रिकामी आहे, ये. मेमध्येही रात्री पांघरूण लागतं.’ कौतिकानं ते वाक्य तीनदा वाचलं. छोट्या गाडीनं बालाघाटवरून जबलपूर, तिथून पिपरिया, पुढं मोटार. पचमढी आता दुसऱ्या राज्यात गेली म्हणतात. जाऊ दे. डोंगर जागचा हलला नाही ना?

जेवताना सांगितलं – पचमढी. आत्याबाईंनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठून मागल्या दारी गेल्या. हे आजारी असताना तीनदा गेल्या होत्या त्या, पचमढीच्याच बड्या महादेवाला. पायी, खांद्यावर नवसाचा त्रिशूळ घेऊन. मला वाटतं त्या जेठांच्याच बाजूच्या. माझं हिंडणं त्यांना खुपतं.

३१ मार्च

आत्याबाई आठ दिवस धड बोलत नाहीत. न बोलोत.

९ एप्रिल

शेजारची नंदाबाई नारळ घेऊन आली. “महादेवाले चालली म्हने तू? माह्या नावाचा फोडजो.”

“मी महादेवाला नाही चालले. पोरांना डोंगर दाखवायला चालले.”

“हो, पन नवस कोनता?”

“नवस नाही.”

“नवस नाही तं पचमढीले कायले जाते कोनी?” नारळ ठेवून गेली.

इकडे कुणी महादेवाला निघालं की सगळ्या आळीनं आपापल्या नावाचा नारळ त्याच्यासोबत द्यायचा, ही रीतच. चूक कुणाची नाही. पण नारळ घेतला की मी नवसाला निघालेली बाई होते. मग सगळे हात जोडतील आणि वाट सोडतील. मला तशी सोडलेली वाट नको.

१४ एप्रिल

दारात सात नारळ! संध्याकाळी पिशवीत घालून घरोघर परत करून आले. “तुमच्या श्रद्धेचा मान आहे, पण मी फिरायला चालले.” प्रत्येक दारात हेच. भैय्यालाल किराणावाला म्हणाला, “बहनजी, भगवान नाराज होंगे।” मी म्हटलं, मी त्यांच्याकडं काही मागायला गेलेच नाही, तर नाराज कशाला होतील? नंदाबाईनं नारळ घेतला आणि दार लावून घेतलं. ते मात्र लागलं मनाला.

२१ एप्रिल

जेठ पुन्हा आले. पोतं आणलं नाही.

“सांग तुया मायले – पचमढीले गेली तं धान बंद. एक पोतं येनार नाही.”

सेवकानं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. माझ्या डोक्यात काहीतरी फिरलं. मी दाराआडून बाहेर आले. त्यांच्या पुढ्यात उभी राहिले आणि सरळ त्यांच्याशी बोलले. लग्नाला तेरा वर्षं झाली, पहिल्यांदा!

“जेठजी, ह्या लेकराच्या तोंडून त्याचीच भाकर बंद करायला लावता? मला सांगा. मी इथं उभी आहे. धान बंद करा. मास्तरकीच्या पगारात ज्वारी खाऊ. पण मी जाणार.”

ते दचकून दोन पावलं मागं सरले. पंचावन्न वर्षांचा गडी, कुठं पाहावं कळेना त्याला. शेवटी आत्याबाईंना म्हणाले, “माय, चाल गावाले. ह्या घरात रीत नाही राहिली.”

आणि आत्याबाई गेल्या. लुगडं पिशवीत भरलं, चपला घातल्या, गेल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

२२ एप्रिल

कौतिका म्हणाली, “आई, राहू दे ना. मला गोधडी नको.”

खरं लिहिते, त्या क्षणी मी हरले होते. घर खायला उठतं. तोंडानं काही बोलत नव्हत्या तरी आत्याबाई होत्या. शाळेतून येईतो पोरांना जेवू घालणारं कुणी होतं. मीच त्यांना घालवलं असं वाटतं. रडले.

२३ एप्रिल

नाही राहू देणार. रुख्माला कार्ड टाकलं – चार तारखेला निघतो, तीन माणसं.

३० एप्रिल

शाळेला सुट्टी लागली. दुपारी दोनला, रस्त्यावर चिटपाखरू नाही अशा उन्हात, आत्याबाई परत आल्या. एकट्या. स्टेशनापासून पायी, डोक्यावर तांदळाचं गाठोडं. ओसरीत टाकलं, घटाघटा पाणी प्यायल्या.

“शेतीत माहा वाटा आहे अजून. म्या मरत वरी धान बंद करनारा तो कोन?”

मी पाय धरायला वाकले तर म्हणाल्या, “राहू दे, पाय पोळले आहेत.” बस्स. मग भिंतीकडे तोंड करून झोपल्या. पचमढीचा विषय मी काढला नाही. त्यांनीही नाही.

२ मे

सामान बांधत होते. आत्याबाई येऊन समोर बसल्या. “मीबी येतो,” म्हणाल्या.

मला वाटलं, शेवटी नवसच. म्हटलं, “तुमच्यासाठी नारळ घेऊ का?”

“नारळ कायले? तीन डाव त्याच्या पुढं डोस्कं टेकलं. माह्या लेकाले, चैतरामले ठेव म्हटलं. ठेवलन का त्यानं? आता काही मागत नाही. हे दोन लेकरं त्याच्या पुढं उभी करतो अन् त्याले म्हनतो, पाय इकडं, यायचा बाप तू नाही ठेवला, तरी वाढले.”