पाना देणाऱ्याचा शब्द

प्रिय चष्मिश,

हे पत्र बघून आधी तुला हसू येईल. प्रयोगवहीत चार ओळी लिहायचा कंटाळा म्हणून ज्याने कॉलेज सोडलं तो चक्क पानंच्या पानं लिहितोय, म्हणजे नक्कीच काहीतरी बिनसलंय. फोनवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. दुसऱ्या मिनिटाला आवाज चढतो, तिसऱ्याला मी फोन आपटतो आणि मग आठवडाभर तोंड लपवून फिरतो. कागदावर आवाज चढवता येत नाही, म्हणून कागद. रविवारी मशिनं न्यायला माणूस येणार आहे, आणि त्याच दिवशी तू तुझ्या बाबांना तुझ्याकडे कायमचं घेऊन जाणार आहेस, असं काकांनीच सांगितलं. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. मशिनं विकू नकोस. काकांना नेऊ नकोस. निदान शेवटच्या ओळीपर्यंत वाचेस्तोवर तरी नको.

हा कोण सांगणारा, असं तुझ्या मनात आलं असेल. येऊ दे. वर्कशॉप बंद होऊन चार महिने झाले, तरी मी रोज सकाळी शटर वर करतो, हे तुला कोणी सांगितलं नसेल. ऑर्डर नाही, गिऱ्हाईक नाही. अर्धवट राहिलेलं एक गेट भिंतीला टेकून उभं आहे. मी ड्रिलच्या जाळीतली धूळ फुंकून काढतो, वायरी बोटांमधून फिरवत कुठे चीर पडली आहे का बघतो, चिकटपट्टी मारून भागवत नाही, अख्खी वायर बदलतो. सहाणेच्या दगडाला टिचकी मारून कान लावतो. खणखणला तर ठीक, बद्द वाजला तर आत तडा आहे, मग तो कितीही नवा दिसो. हे सगळं काकांचंच. करून झालं की मी स्टुलावर बसतो आणि तो आवाज सुरू होतो. ग्राइंडरचं बटण बंद केल्यावर चकती लगेच थांबत नाही बघ, सात-आठ सेकंद फिरत राहते, आवाज उतरत उतरत जातो. काका म्हणायचे, तिला पुरती थांबू दे, मगच खाली ठेव. आता मशीन न लावताही तो उतरता आवाज मला ऐकू येतो. बसमध्ये येतो, आंघोळ करताना येतो. परवा आईने मिक्सर बंद केला तर मी ताटावरून उठलो. आई म्हणाली, अरे मिक्सर आहे तो, तुझा सासरा नव्हे. तिला काय माहीत.

पहिला दिवस आठवतो? सरांच्या टेबलावर वही फेकून मी वर्गातून निघालो होतो आणि तुझ्या घरी न जाता थेट तुझ्या बाबांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन उभा राहिलो होतो. मला काम शिकायचंय म्हणालो. काकांनी मला नखशिखान्त बघितलं आणि म्हणाले, तुला काय बघायचंय ते मला कळतंय, पण इथे आधी मशीनकडे बघायला शिकावं लागेल. मग माझ्या मनगटाकडे बोट केलं. तू गुंफून दिलेला निळा गोफ होता तिथे. काढ म्हणाले. मी नाही म्हणालो, अर्थात. त्यांनी ड्रिलमध्ये एक चिंधी धरून दाखवली. डोळ्याची पापणी लवायच्या आत ती गुंडाळली गेली. ड्रिलला प्रेमाबिमातलं काही कळत नाही बाळा, म्हणाले, त्याला फक्त ओढायचं कळतं. मी गोफ काढला. त्यांनी तो फेकला नाही. भिंतीवर प्लगच्या बरोबर वर एक खिळा होता, त्यावर अडकवला. मी घातलेला गॉगल सतत कपाळावर सरकवायचो तेव्हा ते तुझं नाव काढायचे. आमच्या घरात एकटी तीच शहाणी, जन्मभर चष्मा लावून फिरते.

त्याच खिळ्यावर चकती बदलायचा पाना असायचा. तू लहानपणापासून तिथे येतेस, पण तो खिळा तिथेच का, हे तू कधी विचारलं नसशील. पाना घ्यायला हात वर गेला की नजर खाली प्लगवर पडावी, म्हणून. पाना मागणाऱ्याचे हात मशीनवर अडकलेले असतात, त्यामुळे प्लग काढायचं काम पाना देणाऱ्याचं. काकांसाठी प्रत्येक मशीन 'ती' होती. ते हात पुढे करून विचारायचे, झोपली? आपण प्लग उपसून, तो डोळ्यांनी बघून, मग पाना त्यांच्या हातात ठेवायचा आणि म्हणायचं, झोपली. ते ऐकल्याशिवाय त्यांचं बोट चकतीला लागायचं नाही. दिवसातून वीस वेळा. पहिल्या आठवड्यात मला हसू यायचं. एकदा म्हणालोसुद्धा, काका, अंगाई पण म्हणू का? ते हसले नाहीत. म्हणाले, पाना देणाऱ्याचा शब्द म्हणजे माझी दहा बोटं.

आता आठ आहेत.

तुला जे सांगितलं गेलं ते असं. लाईट गेली होती. मी पाण्याच्या बाटल्या भरायला बाहेर गेलो होतो. काका एकटेच होते, लाईट येईपर्यंत चकती बदलून घेऊ म्हणून बसले आणि प्लग काढायचा विसरले. बटण चालूवरच अडकून राहिलेलं होतं. लाईट आली. तू हॉस्पिटलात पोचलीस तेव्हा त्यांनी तुला हेच सांगितलं, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून. मीच विसरलो गं, वय झालं. तू तिथून मागचं सगळं आठवत गेलीस. डोक्यावर असलेला वाचायचा चष्मा शोधत होते ते, शेजाऱ्यांना चुकीच्या नावाने हाक मारली ते. तू डॉक्टरांकडे नेलंस, डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, उलटे आकडे मोजायला लावले. यात तुझी काही चूक नाही. चाळीस वर्षं जो माणूस प्लग विसरला नाही तो विसरला, तर मुलगी घाबरणारच.

मी अधूनमधून त्यांना भेटायला जातो. काल गेलो तर ते ओट्यासमोर उभे होते. गॅसचं बटण बंद करत होते, दोन पावलं मागे जात होते, पुन्हा पुढे येऊन त्याच बटणाला हात लावत होते. माझ्यासमोर पाच वेळा. दारावर तुझ्या अक्षरातला कागद आहे, गॅस, नळ, किल्ली. मग बसले आणि त्या उरलेल्या बोटांकडे बघत म्हणाले, अरे, मी कसा रे विसरलो? मला वाटलं टोमणा आहे. मी मान वर केली. टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. तीच गोष्ट त्यांनी तुला सांगितली, डॉक्टरांना सांगितली, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली, आणि सांगता सांगता ती त्यांनाच खरी वाटायला लागली आहे. मी चहा न घेता निघालो, आणि रस्ताभर तो उतरता आवाज माझ्या मागे होता. काल पहिल्यांदाच तो थांबला नाही.

म्हणून लिहितोय. मी पाणी भरायला गेलो नव्हतो. मी तिथेच होतो, त्यांच्यापासून चार हातांवर. चकती मीच चालवत होतो. लाईट गेली की आधी बटण मागे ओढायचं, हे पहिल्या दिवसापासून माहीत असूनही मी मशीन तशीच खाली ठेवली, कारण तेवढ्यात फोन थरथरला होता. तुझा मेसेज होता, मला थोडे दिवस काही विचारू नकोस. माझं डोकं फिरलं. मी उत्तर लिहायला लागलो, तुला आठवत असेल कसलं. काकांनी चकती झिजलेली बघितली, मशीन मांडीवर घेतली आणि हात पुढे केला. मी फोनवरून नजर न काढता खिळ्याकडे हात नेला. आधी तुझा गोफ हाताला लागला, मग पाना. प्लगकडे बघितलं नाही. लाईट आली. गाडीतून नेताना टॉवेल लाल होत होता आणि ते माझ्या कानाशी म्हणत होते, तू पाणी भरायला गेला होतास. तिला कळलं तर ती तुझं तोंड बघणार नाही, आणि तू काहीतरी वेडंवाकडं करून बसशील. मी मान हलवली. चार महिने मान हलवतोच आहे. माझं ते घाणेरडं उत्तर तू पुसलं नसशील तर त्यावरची वेळ बघ, आणि हॉस्पिटलच्या कागदावरची अपघाताची बघ, तेव्हा माझं लक्ष कुठे होतं ते कळेल. ही सगळी पानं उद्या मी काकांनाही वाचून दाखवणार आहे. ते नाही म्हणतील, मला खोटं पाडतील, तरी वाचणार आहे. तू माझं तोंड बघू नकोस, चालेल. पण दारावरचा तो कागद काढून टाक. तुझे बाबा विसरले नव्हते. त्यांनी हात पुढे करून, नेहमीसारखं, स्वच्छ विचारलं होतं, झोपली? आणि मी म्हणालो होतो, झोपली.

तुझाच
(हा शब्द खोडायचा असेल तर तू खोड, माझ्याने खोडवत नाही)