हँडल डावीकडे असलं की

दादा, बाबांच्या स्कूटरचा रोग सापडला! मिस्त्रीला आज घरीच आणलं. तो म्हणाला, “बिटिया, हैंडल सीधा करके किक मारो,” आणि लगेच सुरू! डावीकडे वळवलं की आतली तुटकी वायर सुटते. गल्लीत जागा वाचवायला आपण ती रोज तशीच लावतो ना! मिस्त्रीकडे सरळ उभी असायची, म्हणून तिथे कधी अडलीच नाही.

बाबांच्या छातीत दुखत होतं, त्या सकाळी स्कूटर सुरूच झाली नाही, तेव्हाही हेच झालं असणार. आणि तेराव्याला मी सगळ्यांसमोर ओरडले, की तू स्कूटर दाखवली नाहीस म्हणून बाबा गेले. तू तर तीनदा नेली होतीस रे. तेव्हापासून तू बाहेरच जेवतोस.

आईला सगळं सांगितलंय. आज घरी जेव, प्लीज. मी नंतर जेवेन.

कस्तुरी