राजससाठी आणलेला कुर्ता

रेडमंड, अमेरिका

ती. आईस नमस्कार, आणि थोडं भांडणही.

माझी कॉलेजची कादंबरी आणि तिचा नवरा शंतनू चार दिवस राहून गेले. भर पावसात मीच ड्राइव्ह करून त्यांना धबधबा दाखवला. तिथे कादंबरीने विचारलं, "राजस जपानहून कधी येतोय गं?"

राजस कामासाठी जपानला गेलाय, असं तू पुण्यात त्यांना सांगितलंस म्हणे! आई, आमचा घटस्फोट झालाय. मी तिथेच सांगून टाकलं. मग गाडीत बसून आम्ही अख्खं पाकीटभर बाकरवडी संपवली.

गुडघ्याला तेल लावतेस ना? शेजारच्या काकूंनी विचारलं तर आता खरं सांग.

राजससाठी त्यांनी आणलेला कुर्ता मीच घातलाय. बाह्या लांब आहेत, पण दुमडल्या की झालं.

तुझी धडधाकट लेक,
अस्मिता