बाणाचा ण

६ एप्रिल १९७३, शुक्रवार
लूम बंद, सुट्टी. सकाळी तिघांनी बसून वार वाटून घेतले. शाळेत पहिलीच्या एका तुकडीला वर्षभर मास्तरच मिळाला नाही, म्हणून चाळीतली आठ पोरं घरी. हेडमास्तर म्हणाले, घरी शिकवा. जूनमध्ये मी तपासतो, लिहिता-वाचता आलं तर थेट दुसरीत. सोमवार-बुधवार शेजारच्या कुसुमताईंकडे वाचन. त्या पुण्याकडच्या, सातवी पास. मंगळवारी रेहाना भाभींच्या ओट्यावर गणित. शुक्रवार माझा, शुद्धलेखन. मी गावची चौथी, पण अक्षर बरं.
आमची शेवंती सात वर्षांची होईल. दुसरीत नाही घेतलं तर तिला पडघ्याला मामाकडे ठेवायचं, असं घरची म्हणते. "तिथं शाला तरी हाय. इथं पुन्हा पयलीत, नि पुन्हा मास्तर न्हाय." उतारवयात झालेली पोर.

१३ एप्रिल, शुक्र.
रातपाळी करून आलो तो तसाच पोरांपुढे बसलो. दहा शब्द घातले. पाणी, लोणी, बाण, वेणी वगैरे. डोळे मिटत होते. शेवंतीच्या ओळी सरळ येतात. देवाची पूजा राहिली, नुसतं नारायणाचं नाव घेतलं.

१६ एप्रिल, सोम.
कु.ताई पाट्यांची चळत घेऊनच आल्या. पोरांना शुक्रवारचे शब्द आठवून लिहायला लावले होते.
"दादा, हे बघा. पानी. लोनी. बान. एकाचं चुकलं तर समजू. आठांचं एकसारखं कसं चुकेल? तुम्ही म्हणा बरं, पाणी."
म्हटलं.
"नाही. पाणी."
पुन्हा म्हटलं. मला दोन्ही सारखंच ऐकू आलं.
रे.भाभी दारात उभ्या. "पानी तो पानी ही है, भाईसाब. इसमें गलती क्या है?"
कु.ताई हसत खालीच बसल्या. मीही हसलो. मग हसू राहिलं नाही.
लिहिताना हात ण बरोबर काढतो. मास्तरांनी छडीने घोटवलाय. तोंडाला कुणी शिकवलं नाही. आमच्या गावात सगळ्यांचंच पानी.

१९ एप्रिल, गुरु.
लूमच्या खडखडाटात शेजारच्यालाही ऐकू जात नाही. तिथे मोठ्याने म्हणून बघतो. बाण. वेणी. जीभ वर वळवायची, असं कु.ताई सांगतात. वळते, पण सुटताना न च सुटतो.
पलीकडच्या लूमवाल्याने तोंड हलताना पाहिलं. "क्या चाचा, किसको गाली दे रहे हो?"
तेवढ्यात धागा तुटलेला दिसला नाही. कापड बिघडलं. शेठ बोलला, ऐकून घेतलं.
संध्याकाळी दिव्यापुढे बसलो तेव्हा ध्यानात आलं. लहानपणापासून नारायन म्हणत आलोय. त्याने एकदाही हटकलं नाही.

२० एप्रिल, शुक्र.
कु.ताईंना म्हटलं, माझा वार तुम्ही घ्या. "अन् धुणं, स्वयंपाक तुम्ही करणार का? वार तुमचाच. फक्त बोलू नका."
मग तोंड बंद ठेवून शिकवलं. तांब्या दाखवला, लोण्याची वाटी दाखवली, शेवंतीची वेणी धरून वर केली. पोरांनी कल्ला केला, "काका मुके झाले!" चौघांचं बरोबर आलं. शेवंतीचं नाही. ती म्हणाली, "तुम्ही घरी म्हणता तसंच लिवलं." तिच्या कानात माझंच बोलणं बसलंय.

११ मे, शुक्र.
पोरं गावी गेलीत, तीनच आली. उकाडा. कंटाळा आला, खरं लिहायचं तर. हिने शेवंतीला निळा फ्रॉक शिवलाय. "पडघ्याला जाताना व्हईल." शेवंतीने ऐकलं. पाटी घेऊन कु.ताईंकडे गेली. आज त्यांचा वार नव्हता.

१ जून, शुक्र.
शेवंती आता मला सुधारते. जेवताना मी म्हटलं, पानी दे. ती तांब्या धरून उभी. "पाणी म्हणा, मग देते." ही ओरडली तिला. मी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा दिला. बरोबर आलं होतं, की दया आली तिला, कळलं नाही.

८ जून, शुक्र.
आज तपासणी. तोच निळा फ्रॉक घालून गेली. आम्ही बाहेर, खिडकीशी. हेडमास्तर खारबावचे, आमच्याच बाजूचे. एकेकाला आत घेत होते. शेवंतीची पाळी आली. आतून आवाज आला,
"लिव पोरी. पानी."
कु.ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.
शेवंतीने मान वळवून खिडकीकडे बघितलं, माझ्याकडेच. पेन्सिल थांबली. मग वाकून लिहिलं. हेडमास्तरांनी पाटी पाहिली, वहीत काही टिपलं, आणि पुढचं नाव घेतलं. निकाल सोमवारी.
येताना पाटी छातीशी धरून चालत होती, अक्षरं आतल्या बाजूला. कामतघरचा रस्ता सुरू झाल्यावर बोलली,
"बाबा, ते मास्तर तुमच्यासारखंच बोलतात."
काय लिहिलंस, हे विचारायचा धीर झाला नाही. घरी पाटी खाली ठेवली तेव्हा ती पुसून गेली होती. फ्रॉकवर पांढरं उमटलेलं. उलटं, अर्धवट. वाकून बघितलं, वाचता आलं नाही.