नववा मजला, घर नंबर नाही

प्रिय बून केंगदादा,

आई बरी आहे, हे आधी सांगते.

रविवारी सकाळी मी बाजारात मासे घेत होते आणि फोनमधलं ॲप वाजलं. जवळपास कुणाचं हृदय बंद पडलं की ते आम्हा स्वयंसेवकांना बोलावतं, म्हणजे ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कुणीतरी छाती दाबत राहील. पडद्यावर इमारत होती दोनशे चौदा, मजला नववा. घर नंबर आलेला नव्हता.

आईचा मजला. मी चार मिनिटांत पोचले असते. पण डोळ्यांसमोर माझ्या हातांखाली आईची छाती आली आणि मी ‘येऊ शकत नाही’ दाबलं.

ती आई नव्हती. शेजारचे क्वेककाका होते. ते गेले.

दुपारी आई म्हणाली, “अगं, होतीस कुठे? मी खाली लिफ्ट धरून उभी. लोक बडबडायला लागले. म्हटलं, बडबडा, माझी लेक येतेय, तिच्या फोनला सगळं कळतं.”

“फोनचा आवाज बंद होता, आई.”

“धन्य आहेस. क्वेकवहिनींना मी शब्द देऊन बसले होते.”

तू पर्थहून दर वेळी म्हणतोस, ‘तू आईच्या जवळ आहेस म्हणून मला काळजी नाही.’ हे पत्र मी तुला पाठवणार नाही.

आईने माझा फोन मागून घेतला आणि आवाज स्वतः पूर्ण वाढवून दिला. आता तो समोर टेबलावर आहे. पुन्हा दोनशे चौदा आलं तर मी उठेन का, मला माहीत नाही. आई मात्र निर्धास्त आहे.

तुझी,
सिओ लेंग