तुमची ढोलकी, माझं मशीन

बाबा, गेल्या रविवारी घोडबंदर रोडच्या एका हॉलमध्ये नवऱ्या मुलाच्या मामाने मला कॉलर धरून स्टेजवरून खाली खेचलं. हल्ली मी छोटा लॅपटॉप घेऊन वाजवायला जातो. त्याला एक हलका कीबोर्ड जोडायचा; बोटं माझी, आवाज लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचे. सनई, अ‍ॅकॉर्डियन, बँजो, सगळी वाद्यं त्याच्या पोटात. ढोलकीसुद्धा. ऐन नाचात तो लॅपटॉप अडकला आणि एकच ठोका कडकडत राहिला. मी वायर उपटली. नाचणारी माणसं हात वर केलेली तशीच थांबली, आणि मग खुर्च्या उडाल्या. मामाच्या अंगठीने माझा ओठ फाटला. तोंडात रक्ताची चव आली आणि तुमची आठवण झाली. खोटं कशाला बोलू, ती चव आली की मला तुम्हीच आठवता.

डोंबिवलीची आपली चाळ. तुम्ही कारखान्यातून येता, डबा मोरीत ठेवता, शर्टसुद्धा न काढता ढोलकी पुढ्यात घेता. समोर पेटी घेऊन मी, दहा-अकरा वर्षांचा. लय सुटली की ढोलकी ठोकून सुरात लावायची ती छोटी हातोडी उलटी फिरायची आणि तिचा दांडा माझ्या नडगीवर बसायचा. आई स्टोव्हपाशी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, पायांवर मारा, हातांवर नको, त्याला वाजवायचंय. ती मला वाचवते आहे असं तेव्हा मला खरंच वाटायचं. दिव्यापासून ठाकुर्लीपर्यंत खाडीकाठच्या कुठल्याही गावात लग्न असो, तुमच्या ढोलकीशिवाय वाजवणाऱ्यांची पार्टी उभी राहत नसे. कारखान्यात तुम्हाला कोण विचारत होतं? मान होता तो एवढाच, आणि त्याच्यापुढे आमच्या हाडांची काय किंमत.

मग नव्वदनंतर कधीतरी पार्टीच्या मालकाने कीबोर्ड आणला. बटण दाबलं की त्यातून ढोलकी आपोआप वाजायची, न थकता, न चुकता. तो त्याने माझ्या हाती दिला आणि सांगितलं, पुढच्या लग्नापासून वडिलांची गरज नाही, तूच त्यांना सांग. मी सांगितलं नाही. भीती होतीच. पण तुम्हाला हे चारचौघांत कळावं, असंही मला वाटत होतं. मी विशीत होतो आणि माझ्या नडग्यांवर अजून गाठी होत्या.

दिव्याजवळच्या त्या गावात, दुपारच्या मांडवात तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून ढोलकीसकट हजर. मालक खाली मान घालून म्हणाला, "काका, आज तुम्ही नुसते जेवून जा." तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मग कीबोर्डला लागूनच बैठक मारलीत. "वाजू दे तुझं मशीन. बघू कोण दमतो ते."

मी बटण दाबतो. तुम्ही ढोलकीवर थाप मारता, आणि पहिली दोन गाणी मशीन तुमच्या मागे फरफटत असल्यासारखं वाटतं. बायका पदर खोचून नाचायला उतरतात. तिसऱ्या गाण्यात लय पळायला लागते. माणसं शिट्ट्या मारतात, अजून, अजून. तुमच्या मानेच्या शिरा टरारून येतात. बोटाची कातडी फुटते, ढोलकीच्या पुडीवर लाल ठिपके उडतात, आणि तुम्ही थांबत नाही. मग एक थाप मागे पडते. मग दुसरी. समोरचा एक जण हसतो. पुढच्या क्षणाला तुमची हातोडी माझ्या जबड्यावर बसलेली असते आणि दात माझ्या जिभेवर असतो. तुम्हाला आवरायला चौघं लागले. त्यांनी तुम्हाला मांडवाबाहेर नेऊन मारलं. मी ते बघत होतो आणि मशीन तसंच वाजत होतं.

घरी आल्यावर तुम्ही एकच विचारलंत. "तू वाढवलीस का रे लय?"

"नाही. आईशप्पथ नाही."

आई तिथेच उभी होती. तुम्ही तुमच्या हातांकडे बघत राहिलात. "म्हणजे माझेच हात गेले," म्हणालात. त्या आठवड्यात ढोलकी कुणाला तरी देऊन टाकलीत. त्यानंतर माझ्यावरही कधी हात उगारला नाहीत. पुढची सहा वर्षं तुम्ही संध्याकाळी नुसते बाकड्यावर बसून असायचात, आणि तसेच गेलात. मी मात्र बापाने भर मांडवात दात पाडल्याची गोष्ट सगळ्या पार्ट्यांमधून सांगत फिरलो. तोंड उघडून फट दाखवायचो. लोकांना माझी दया यायची, आणि मला ते आवडायचं.

बाबा, लय मीच वाढवली होती. गाणं चालू असताना डाव्या हाताने, मशीनवरचा लयीचा आकडा दोन-दोनने चढवत, तुम्ही मागे पडेपर्यंत. काल मी लॅपटॉपवर तो शेवटचा आकडा लावून ढोलकी ऐकली. त्या लयीवर माणसाचा हात चालूच शकत नाही. तुम्ही त्यावर दोन कडवी धरून होता.

आई अजून आहे. शेजारच्या खोलीत पडून असते. ह्यांचे हात गेले आणि मग हे गेले, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तिला हे वाचून दाखवायचं धाडस माझ्यात नाही.